जानेवारीतला स्लॅब आणि सातव्या दिवसाचा क्यूब

प्रश्न नाशिकच्या एका तरुण साइट इंजिनिअरचा आहे. मखमलाबाद शिवारातली चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्याचा १२५ मिमी जाडीचा स्लॅब, गाळे (दोन आधारांमधली अंतरं) सगळे साडेचार मीटरच्या आतले. माल आरएमसीचा, म्हणजे प्लांटमध्ये कालवून आणलेलं काँक्रीट, एम २५ (२८ दिवसांनी २५ एमपीए ताकदीचं), सिमेंट पीपीसी, म्हणजे वीज केंद्राची राख मिसळलेलं. स्लॅब जानेवारीत, ऐन थंडीच्या लाटेत भरला. सातव्या दिवसाचे क्यूब, म्हणजे लॅबमध्ये फोडायचे त्याच मालाचे ठोकळे, २० एमपीएच्या वर गेले, म्हणून ठेकेदार स्लॅबखालचे टेके काढायला निघाला आहे. आरसीसी कन्सल्टंटने मात्र १७.५ एमपीए ताकद आल्याशिवाय टेक्यांना हात लावू नका, असं लिहून दिलंय. काँक्रीटचं तापमान मोजून ताकद काढता येते असं या इंजिनिअरने ऐकलं आहे. ते कितपत भरवशाचं, कॉलेजच्या पुस्तकातलं सूत्र चालेल का, आणि तोवर क्यूबच्या रिपोर्टवर टेके काढावेत का, असं त्यांनी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, त्या रिपोर्टवर टेके काढू नका.

रिपोर्ट खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तो खरा असेल आणि तरीही स्लॅबबद्दल काही सांगत नसेल. क्यूब लॅबच्या टाकीत २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात सात दिवस पडून होता. तुमचा स्लॅब मखमलाबादच्या उघड्या माळावर, रात्रीच्या वाऱ्यात, खाली १२ मिमीचा प्लाय आणि वर ओलं गोणपाट घेऊन होता. माल एकच, पण दोघांनी काढलेले सात दिवस सारखे नव्हते. प्लांटने माल बरोबर दिला का, हे लॅबचा क्यूब सांगतो. स्लॅब आज किती वजन पेलेल, हे विचारायचं तर स्लॅबलाच विचारावं लागतं, आणि त्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे त्याचं तापमान.

ठेकेदार म्हणेल, काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्येच साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके ७ दिवसांनी काढा असं दिलंय. दिलंय खरं, पण त्या कोष्टकाच्या वरची वाक्यं कोणी वाचत नाही. ते दिवस राख न मिसळलेलं साधं ओपीसी सिमेंट, हवेचं तापमान १५ अंशांच्या खाली न जाणं आणि नीट क्युरिंग, या तिन्ही अटींवर दिलेले आहेत. मूळ नियम ताकदीचा आहे: फॉर्मवर्क काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार, त्याच्या निदान दुप्पट ताकद त्यात आलेली हवी. तुमच्याकडे सिमेंट पीपीसी आहे आणि पहाटेचा पारा एक आकडी. म्हणजे कोष्टकातल्या ७ दिवसांचा आधार तुम्हाला मिळतच नाही.

आता पद्धत. सिमेंट आणि पाण्याची प्रक्रिया उष्णतेत जोरात चालते, थंडीत मंदावते. म्हणून काँक्रीटचं वय नुसत्या दिवसांत न मोजता तापमान आणि वेळ यांच्या गुणाकारात मोजायचं. या गुणाकाराला मॅच्युरिटी म्हणतात. वाफेने क्युरिंग केलेल्या काँक्रीटच्या अभ्यासातून नर्स यांनी १९४९ मध्ये आणि सॉल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. हिशोब शाळकरी आहे. काँक्रीटच्या तापमानातून एक आधार तापमान (ज्याखाली ताकद वाढत नाही असं धरतात ते) वजा करायचं, उरलेल्याला तासांनी गुणायचं आणि बेरीज करत जायची. उत्तर अंश-तासांत येतं. एकाच मालाच्या दोन तुकड्यांचे अंश-तास सारखे झाले, की त्यांची ताकदही जवळपास सारखी धरायची, मग एकाला तीन दिवस लागले असोत की सहा.

पण अंश-तास म्हणजे ताकद नव्हे. अंश-तासांवरून ताकद वाचायला त्याच मालाचा आलेख लागतो आणि तो तुम्हालाच तयार करावा लागतो. पुस्तकातल्या सूत्राची अडचण इथेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत अंश-तासांवरून ताकद काढायची प्लाउमन यांची १९५६ ची गुणकांची जोडी छापलेली असते आणि सोबत १८ अंशांवर २८ दिवसांचे १९,८०० अंश-तास. परीक्षेला ते ठीक. पण ते सिमेंट १९५० च्या दशकातलं आणि इंग्लंडमधलं. त्यात फ्लाय अ‍ॅश नव्हती, आजची सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारी रसायनं) नव्हती, आणि तेव्हाचं सिमेंट आजच्यापेक्षा भरडही होतं. राख नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राची असो की दुसरीकडची, थंडीत ती ओपीसीपेक्षा जास्त सुस्तावते. त्या गुणकांनी काढलेल्या ताकदीवर माणसं स्लॅबखाली उभी करू नयेत.

आलेखासाठी प्लांटकडून नेमका तोच माल घ्या: तेच सिमेंट, तीच क्रश सँड, तेच अ‍ॅडमिक्श्चर आणि तोच डोस. १५० मिमीचे १७ क्यूब भरा. त्यातल्या दोघांच्या पोटात तापमानाची तार ठेवा. ते फोडायचे नाहीत. बाकीचे १५ तीन-तीन करून १, ३, ७, १४ आणि २८ दिवसांनी फोडा. पहिले २४ तास क्यूब साच्यात असतात, आणि जानेवारीत लॅबची खोलीही गार असते, तेव्हा २७ अंश होते असं गृहीत न धरता तारेने दाखवलेलं तापमानच हिशोबात घ्या.

समजा असे क्यूब सरासरी २७ अंशांवर राहिले आणि अनुक्रमे ६, १४, २०.५, २५.५ आणि ३१ एमपीए आले. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण एम २५ साठी अवाजवी नाहीत. आधार तापमान शून्य धरलं तर एका दिवसाचे ६४८ अंश-तास होतात, तिसऱ्या दिवशी १,९४४ आणि सातव्या दिवशी ४,५३६. आडव्या अक्षावर अंश-तासांचा लॉग (लॉगॅरिदम) आणि उभ्यावर ताकद घेतली, की हे बिंदू बऱ्यापैकी सरळ रेषेत बसतात. त्या रेषेवर १७.५ एमपीएसमोर सुमारे ३,०७० अंश-तास येतात. स्लॅबने गाठायचा आकडा हा.

आता स्लॅब बघा. संध्याकाळी सहाला काम उरकलं असं धरू. पहिले चार तास काँक्रीट २४ अंशांवर, मग दोनपर्यंत १९, सहापर्यंत १४, सकाळी दहापर्यंत १३, दुपारी दोनपर्यंत २० आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा २४. प्रत्येकाला चारने गुणून बेरीज केली की ४५६ येते. पहिल्या दिवशी मालाची स्वतःची ऊब असते. पुढे १२५ मिमीचा पातळ स्लॅब ती धरून ठेवत नाही, हवेमागे धावतो. थंडीच्या लाटेत त्याची सरासरी १६ अंश धरली तर रोजचे ३८४ अंश-तास मिळतात. सात दिवसांची बेरीज २,७६० होते आणि आलेखावर ताकद १६.७ एमपीएच्या आसपास वाचायला मिळते. त्याच दिवशी लॅबमधला क्यूब २०.५ दाखवतोय. ३,०७० गाठायला आठवा दिवस जवळपास संपतो. त्यावर मी थोडी राखीव ताकद मागतो, साधारण दहा टक्के, म्हणजे ती आणखी दोन-तीन दिवसांनी येते. हाच स्लॅब एप्रिलमध्ये, सरासरी ३३ अंशांवर, चार दिवसांच्या आतच ३,०७० पार करतो. ठेकेदाराला हा दुसरा आकडाही दाखवा. ही पद्धत आपल्याला अडवायलाच आहे असं त्याला वाटलं, तर तुमच्या तारा पहिल्याच रात्री तुटलेल्या सापडतील.

आधार तापमानाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक गफलत करतात. जुन्या लिखाणात ते उणे १० धरलेलं दिसतं, कुठे उणे ११, तर कुठे शून्य. फरक किरकोळ वाटतो, पण नाही. २७ अंशांवरच्या वेगाशी तुलना केली, तर १५ अंशांवर काँक्रीट किती वेगाने पिकतं? शून्य धरलं तर ५६ टक्के, उणे १० धरलं तर ६८ टक्के. तापमानाने प्रक्रियेचा वेग कसा बदलतो हे सांगणाऱ्या आर्हेनियसच्या नियमावर आधारलेली समतुल्य वयाची पद्धत वापरली आणि सक्रियण ऊर्जा (प्रक्रिया तापमानाला किती दाद देते त्याचा आकडा) ४० किलोज्यूल प्रति मोल घेतली, तर ५१ टक्के. म्हणजे थंडीत उणे १० धरणारा माणूस स्लॅबला फुकटची ताकद बहाल करतो. उन्हाळ्यात उलटं होतं. ४० अंशांवर शून्याने वेग १.४८ पट येतो आणि उणे १० ने १.३५ पट, तेव्हा तिथे उणे १० जास्त सावध. लॅबमध्ये वेगवेगळ्या तापमानांवर मोर्टारचे क्यूब फोडून आपल्या सिमेंटचा आकडा काढता येतो आणि मोठ्या कामावर तो काढावाच. तुमच्या चार मजल्यांसाठी हिवाळ्यात शून्य धरा आणि पुढे चला.

तारा कुठे घालायच्या, यात सगळं कौशल्य आहे. सेन्सर विकणारा एक सेन्सर स्लॅबच्या मधोमध लावून देतो आणि मोबाइलवर देखणा आलेख येतो. मध्य ही स्लॅबची सगळ्यात उबदार जागा, तिचा आकडा घेऊन काय करणार? मी एक तार मधल्या गाळ्यात अर्ध्या जाडीवर घालतो, पण ती तुलनेसाठी. दुसरी वाऱ्याच्या बाजूच्या कडेला किंवा बाल्कनीच्या कँटिलिव्हरमध्ये (एकाच बाजूला आधार असलेल्या भागात). तिसरी शेवटच्या गाडीचा माल जिथे पडला तिथे, कारण सकाळी दहाला भरलेला कोपरा आणि संध्याकाळी सहाला भरलेला कोपरा यांच्या वयात आठ तासांचं अंतर असतं, तेही दुपारच्या उन्हाच्या आठ तासांचं. निर्णय तिन्हींतल्या सगळ्यात कमी आकड्यावर घ्यायचा. बाल्कनीचे टेके तर कन्सल्टंटला वेगळं विचारूनच काढायचे.

महागडा वायरलेस सेन्सर नसला तरी अडत नाही. के टाइप थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची, तार आणि हातात धरायचा मीटर पुरतो. टोकाच्या दोन तारा पिळून, जोडून, वर इपॉक्सीचा थेंब. तार सळईला बांधा, पण टोक सळईला टेकू देऊ नका, बोटभर लांब ठेवा. प्रत्येक जागी दोन तारा घाला, कारण एक व्हायब्रेटरची नीडल तोडते किंवा इलेक्ट्रिशियन पाइप शोधताना कापतो. बाहेरच्या टोकाला चिठ्ठी लावा. लॉगर असेल तर पहिले ४८ तास अर्ध्या तासाला एक नोंद आणि पुढे तासाला एक. हाताने नोंदी करणार असाल तर पहाटेची चुकवू नका, वॉचमनला मीटर वाचायला शिकवा. दुपारच्या दोन वाचनांवर रात्र अंदाजाने भरली, की सगळा हिशोब स्लॅबला उबदार ठरवतो. हवामान खात्याचं नाशिकचं तापमानही इथे चालत नाही. ते हवेचं असतं, आणि शहरातल्या गल्लीतला स्लॅब आणि आडगाव-ओझरकडे मोकळ्या शेतात उभा स्लॅब यांच्या रात्री वेगळ्या असतात. निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात बातमीत असतो.

निफाडवरून आठवलं. तिथला द्राक्षबागायतदार पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबकने विहिरीचं पाणी सोडतो, कारण भूगर्भातलं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. घडासाठी तो जे करतो ते स्लॅबसाठी आपण करत नाही. रात्रभर गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत गारठलेलं पाणी सकाळी सातला स्लॅबवर सोडतो आणि वर ओलं गोणपाट वाऱ्यात उघडं ठेवतो. वाऱ्यात वाळणारं ओलं गोणपाट स्लॅबची उष्णता ओढून घेतं. क्युरिंग बंद करायचं नाही. आयएस ४५६ प्रमाणे मिश्र सिमेंटला निदान १० दिवस हवंच. पण गोणपाटावर प्लास्टिकचा कागद अंथरा, कडा विटांनी दाबा, पाणी बोअरचं थेट आणि दुपारच्या आधी सोडा, खालच्या मजल्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला ताडपत्री लावा. रात्रीचे दोन-तीन अंश जरी वाचले, तरी आठवड्याच्या बेरजेत ते जवळपास अर्धा दिवस परत देतात. सेंट्रिंगचं भाडं मोजणाऱ्याला हे लगेच कळतं.

पद्धत कुठे फसते तेही ऐकून ठेवा. थर्मोकपलला फक्त तापमान कळतं, पाण्याचं त्याला काही कळत नाही. पंप चालत नाही म्हणून कोणी माल आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडला, की तुमचा आलेख त्या गाडीपुरता रद्द. ताकद निम्म्यावर आली तरी अंश-तास तेवढेच दिसतील. प्लांटने सिमेंटचा ब्रँड बदलला, राखेचं प्रमाण वाढवलं, रिटार्डरचा (माल घट्ट होणं लांबवणाऱ्या रसायनाचा) डोस हलवला, तरी आलेख नवा करावा लागतो. स्लॅब सुकला तर प्रक्रियाच थांबते, पण उन्हात अंश-तास मात्र जोमाने वाढत राहतात. म्हणून या पद्धतीच्या जोडीला दुसरा पुरावा हवाच, आणि मॅच्युरिटीचं अमेरिकन मानक एएसटीएम सी १०७४ हेच सांगतं. आपल्याकडे सोपा पुरावा म्हणजे स्लॅब भरताना सहा क्यूब जास्त भरायचे आणि ते लॅबला न पाठवता स्लॅबवरच, त्याच गोणपाटाखाली ठेवायचे. सुटा क्यूब सगळ्या बाजूंनी गार होतो, त्यामुळे तो स्लॅबपेक्षा थोडी कमीच ताकद दाखवतो. आपल्याला ते चालतं. अंश-तास पुरे झाले, की तीन फोडायचे. दोन्ही आकडे जुळले तर टेके काढा, नाही जुळले तर राहिलेले तीन दोन दिवसांनी फोडा. आठवड्याच्या ओल्या स्लॅबवर रिबाउंड हॅमर (ठोक्याच्या उसळीवरून ताकद सांगणारा हातोडा) मारून आलेल्या आकड्याला मी फार किंमत देत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड असते. सुरुवातीला फार तापलेलं काँक्रीट लवकर ताकद घेतं, पण २८ दिवसांची त्याची ताकद थंडपणे पिकलेल्यापेक्षा कमी राहते. अंश-तासांना हे दिसत नाही. तेव्हा टेके कधी काढायचे, पोस्ट टेन्शनिंगच्या केबल (काँक्रीट पिकल्यावर ताणायच्या पोलादी तारा) कधी ओढायच्या, यासाठी मॅच्युरिटी वापरा. माल पास की नापास, हे २८ दिवसांच्या क्यूबवरच ठरवा. मीटरभर जाडीच्या राफ्टचं, म्हणजे सलग पायाचं, गणित निराळं: तिथे पोट तापतं, पाठ गार राहते आणि काळजी ताकदीपेक्षा तड्यांची असते.

हे सगळं कोणाला पुस्तकी वाटत असेल, तर विलो आयलंड शोधून वाचा. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात २७ एप्रिल १९७८ रोजी कूलिंग टॉवरचं काम चालू असताना मचाण कोसळलं आणि ५१ कामगार गेले. मचाण आदल्या दिवशी भरलेल्या काँक्रीटच्या कड्याला धरून होतं, आणि थंड हवेत त्या काँक्रीटने पुरेशी ताकद घेतलेलीच नव्हती. कॅलेंडरप्रमाणे एक दिवस झाला होता. सी १०७४ हे मानक १९८७ मध्ये आलं, त्यामागे अशा अपघातांच्या तपासातून झालेला अभ्यास आहे.

कॉलमच्या बाबतीतही थंडीत हात आवरा. उभं शटरिंग १६ ते २४ तासांत काढतात, पण संध्याकाळी भरलेल्या कॉलमचे पहिले १६ तास सगळे रात्रीत जातात. १४ अंशांनी २२४ अंश-तास, आणि २७ अंशांवर तेच ४३२. सकाळी प्लेट ओढली की कोपरे निघून येतात आणि मग गिलाव्यात लपवालपवी. कॉलम सकाळी भरा, निम्मं काम तिथेच होतं.

आणि १७.५ हा आकडा कशासाठी आहे, ते कन्सल्टंटला विचारून घ्या. तो स्लॅबच्या स्वतःच्या वजनापुरता असेल, तर तिसऱ्या मजल्याचं वजन त्यात धरलेलं नाही. १२५ मिमीचा ओला स्लॅब चौरस मीटरला ३.१ किलोन्यूटन, त्यात सेंट्रिंग आणि माणसं मिळून दोनेक. घराच्या स्लॅबला धरलेला वापराचा भार असतो २. म्हणजे वरचा स्लॅब भरताना खालच्यावर त्याच्या उमेदीपेक्षा जास्त ओझं येतं, तेही त्याची ताकद अर्धवट असताना. म्हणून दुसऱ्या मजल्याचा प्लाय सुटला तरी टेक्यांच्या ओळी खालपर्यंत तशाच राहू द्या. सगळे टेके काढून पुन्हा लावायची पद्धत मला मुळीच पसंत नाही. मधल्या तासाभरात स्लॅब खाली बसलेला असतो आणि नंतर लावलेला टेका नुसता शोभेला उरतो. सेंट्रिंगवाल्याला सांगून मधली पट्टी वेगळी करून घ्या, म्हणजे टेका न हलवता बाजूचा प्लाय सुटतो.

तुमच्या हातातल्या स्लॅबमध्ये तारा नाहीत, त्यामुळे त्याचे अंश-तास आता काढता येणार नाहीत. सरासरी १४ अंश धरून वाईटातला वाईट हिशोब करा. राखीव ताकद मिळवण्याआधीच नऊ दिवसांच्या वर जातो. टेके चौदाव्या दिवसापर्यंत राहू द्यावेत असं माझं मत, आणि ते कन्सल्टंटकडून लेखी घ्या. ठेकेदार भाड्याचा विषय काढेल. तिसऱ्या मजल्याच्या तीन जागांसाठी सहा तारा, एक मीटर आणि १७ क्यूबचा खर्च त्याच्यासमोर मांडा, आणि आलेखाचे क्यूब याच आठवड्यात भरून टाका, म्हणजे तो स्लॅब भरेपर्यंत निदान सात दिवसांपर्यंतचे बिंदू तुमच्या हातात असतील. १७.५ वाचायला तेवढे पुरतात.